ज्यांना मत नाही, त्यांचे मत



अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची निवडणूक दर चार वर्षांनी होते आणि प्रत्येक वेळी इतर देशांतील विचारी माणसांपुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. ज्या निवडणुकीत स्वतःला मताचा अधिकार नाही, तीत एखाद्या उमेदवाराची बाजू घ्यावी काय? घ्यावी तर कोणत्या अधिकाराने, आणि कोणत्या मर्यादेत? या प्रश्नाचा विचार नुसत्या तत्त्वाच्या पातळीवर न करता १९७२ च्या निवडणुकीच्या आधारे करणे अधिक फलदायी ठरेल. त्या वर्षी रिचर्ड निक्सन यांच्याविरुद्ध डेमोक्रॅटिक पक्षातर्फे दक्षिण डाकोटाचे सिनेटर जॉर्ज मॅक्गव्हर्न उभे होते.

प्रथम अधिकाराचा प्रश्न. ज्यांच्यावर निर्णयाचा भार पडतो, त्यांचे म्हणणे निर्णयापूर्वी ऐकले जावे, हे लोकशाहीचे मूळ सूत्र आहे. व्हिएतनाममधील शेतकऱ्याला अमेरिकेत मत नव्हते. पण बॉम्ब त्याच्या भातशेतीवर पडत होते. १९७१ साली पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. ढाक्यातील अमेरिकेचे वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एप्रिलमध्ये तार पाठवून आपल्याच सरकारच्या मौनाचा निषेध केला. त्याचे फळ म्हणून ब्लड यांना परत बोलावण्यात आले. निक्सन आणि किसिंजर यांना चीनचा दरवाजा याह्याखानांच्या मदतीने उघडावयाचा होता. त्या हिशेबात बंगाली माणसाच्या प्राणाला किंमत नव्हती. डिसेंबरमध्ये तर ‘एंटरप्राइज’ ही विमानवाहू युद्धनौका बंगालच्या उपसागराकडे धाडण्यात आली. ज्या सत्तेचा हात कोट्यवधी परक्यांच्या घरापर्यंत पोहोचतो, तिच्या निवडीबद्दल त्या परक्यांनी मात्र तोंड उघडू नये, असे म्हणणे हा न्याय नव्हे.

मॅक्गव्हर्न यांची बाजू घेण्यास आधार होता तो त्यांच्या आश्वासनांचा नव्हे, तर त्यांच्या कृतींचा. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमान चालविलेला हा माणूस युद्ध म्हणजे काय ते जाणत होता. केनेडी यांच्या कारकिर्दीत ‘शांततेसाठी अन्न’ या योजनेचे ते संचालक होते. १९७० साली त्यांनी सिनेटर मार्क हॅटफील्ड यांच्यासह व्हिएतनाममधील सैन्य १९७१ अखेर मागे घेण्याची दुरुस्ती सिनेटमध्ये मांडली. ती ५५ विरुद्ध ३९ मतांनी फेटाळली गेली. परंतु सभागृहातील प्रत्येक सदस्य त्या युद्धातील मृत्यूंना अंशतः जबाबदार आहे, हे त्यांनी सहकाऱ्यांना तोंडावर सुनावले. युद्ध थांबविणे आणि लष्करी खर्चात मोठी कपात करणे, हा त्यांच्या १९७२ च्या प्रचाराचा गाभा होता.

यावर डाव्या विचाराच्या कार्यकर्त्याचा आक्षेप ठरलेला आहे. तेथील दोन्ही पक्ष भांडवलदारांचेच. मग दगडापेक्षा वीट मऊ, एवढ्यासाठी पाठिंबा कशाला? आक्षेपात तथ्य आहे. मॅक्गव्हर्न समाजवादी नव्हते. अमेरिकेतील सर्वांत मोठ्या कामगार महासंघानेही जॉर्ज मीनी यांच्या नेतृत्वाखाली त्यांना पाठिंबा नाकारला. पण दोन उमेदवारांत भांडवलशाहीविषयी फरक नसला, तरी युद्ध चालू ठेवणे आणि थांबविणे यांत फरक असतो. ज्याच्या डोक्यावर बी-५२ विमाने घिरट्या घालीत आहेत, त्याला हा फरक क्षुल्लक आहे असे सांगण्याचा अधिकार सुरक्षित अंतरावर बसलेल्या क्रांतिकारकाला नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो अनुभवातून आलेला आहे. १९६४ साली बॅरी गोल्डवॉटर यांच्या भीतीने जगभरच्या उदारमतवाद्यांनी लिंडन जॉन्सन यांच्या विजयावर आनंद मानला. नागरी हक्कांच्या कायद्याला गोल्डवॉटर यांनी विरोध केला होता, जॉन्सन यांनी तो संमत करून घेतला होता; तेव्हा त्या आनंदाला कारण होते. परंतु मार्च १९६५ मध्ये त्याच जॉन्सन यांनी उत्तर व्हिएतनामवर सततचा बॉम्बवर्षाव सुरू केला आणि दा नांगच्या किनाऱ्यावर सैन्य उतरविले. त्या बॉम्बवर्षावावर भारताने टीका केली. दुष्काळाच्या त्या काळात, १९६५-६६ मध्ये, भारताकडे यावयाच्या गव्हाला मंजुरी देताना त्यांनी हात आखडता घेतला. रेशनच्या दुकानासमोर रांगेत उभ्या असलेल्या माणसाचे धान्य वॉशिंग्टनमध्ये थोडे थोडे सोडले जाऊ लागले. यावरून पाठिंबा देऊ नये असे सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच की, पाठिंबा धोरणाला असावा, व्यक्तीला नव्हे. आणि निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशीच हिशेबाची वही उघडावी.

तिसरा प्रश्न मर्यादेचा. परदेशातून हस्तक्षेप कसा नसावा, याचे उदाहरण १९६८ साली घडले. शांततेच्या बोलण्यांपासून दूर राहा, निक्सन यांच्या राज्यात अधिक चांगल्या अटी मिळतील, असे निरोप अॅना शेनॉल्ट यांच्यामार्फत सायगावला गेले. मतदानाला तीन दिवस उरले असता थियू यांनी पॅरिसला जाण्यास नकार दिला. निक्सन यांचे सहायक हॉल्डेमन यांची टिपणे २०१७ साली उजेडात आली, तेव्हा या कारस्थानात खुद्द निक्सन यांचा हात होता याला पुष्टी मिळाली. निक्सन सत्तेवर आल्यानंतर त्या युद्धात वीस हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक मेले; व्हिएतनामी किती मेले, याची तर गणतीच निराळी. तोही एका परक्याने अमेरिकन उमेदवाराला दिलेला पाठिंबाच होता. मात्र तो चोरून दिलेला होता.

याच्या उलट आदर्श भारतीय समाजवाद्यांना परका नाही. मे १९६४ मध्ये मिसिसिपी राज्यातील जॅक्सन येथे डॉ. राममनोहर लोहिया यांना गोऱ्यांच्या उपाहारगृहात प्रवेश नाकारण्यात आला. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तेथे गेले आणि त्यांना अटक झाली. तो परदेशी माणसाने अमेरिकेच्या अंतर्गत प्रश्नात केलेला हस्तक्षेपच होता. पण तो उघड होता आणि त्याची किंमत हस्तक्षेप करणाऱ्याने स्वतः मोजली. परदेशी नागरिकांनी निवडणुकीसाठी पैसा देण्यास अमेरिकन कायद्याची मनाई आहे. कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांना तेवढी सूट आहे. ही मनाई योग्यच आहे. पैसा आणि गुप्तता वर्ज्य. युक्तिवाद आणि साक्ष मोकळी. त्यातही उपदेशाचा सूर नसावा. २००४ साली लंडनच्या ‘गार्डियन’ने ओहायोतील क्लार्क परगण्याच्या मतदारांना पत्रे लिहिण्याची मोहीम काढली, तेव्हा तेथे संतापच उसळला. २००० साली गोर यांच्या बाजूने गेलेला तो परगणा या वेळी बुश यांच्याकडे गेला. तो केवळ पत्रांमुळे गेला असे म्हणता येणार नाही, पण पत्रांनी काही साधले नाही हे खरे. मतदाराला शहाणपण शिकवावयाचे नसते. त्याच्या मताचे परिणाम कोठे आणि कोणावर होतात, ते त्याला सांगावयाचे असते.

१९७२ साली मॅक्गव्हर्न यांच्या पदरी मॅसॅच्युसेट्स हे एक राज्य आणि राजधानीचा जिल्हा एवढेच पडले. डिसेंबरमध्ये हनोई आणि हायफाँगवर बॉम्बचा वर्षाव झाला. पुढील सप्टेंबरात चिलीमध्ये आयेंदे यांचे लोकनियुक्त सरकार लष्कराने उलथून टाकले. त्या सरकारची कोंडी करण्याचे काम निक्सन यांच्या प्रशासनाने आधीपासूनच चालविले होते. परंतु हरलेल्या बाजूचे म्हणणे मेले नाही. ऑगस्ट १९७३ पासून काँग्रेसने कंबोडियावरील बॉम्बफेकीचा पैसा तोडला आणि नोव्हेंबरात निक्सन यांचा नकाराधिकार डावलून राष्ट्राध्यक्षाच्या युद्धविषयक अधिकारांना लगाम घालणारा ठराव संमत केला. निवडणुकीत पडलेले धोरण सभागृहात काही अंशी निवडून आले.

म्हणून परदेशी माणसाचा पाठिंबा केवळ जयापजयाच्या तराजूत तोलू नये. उमेदवाराची भाषणे बाजूला ठेवून त्याची सभागृहातील मते वाचावीत, जे बोलावयाचे ते उघड बोलावे, आणि तो विजयी झाला तर सर्वांत आधी त्यालाच जाब विचारावा. मतपेटी अमेरिकन नागरिकाची आहे आणि ती त्याचीच राहिली पाहिजे. पण तिच्यातून निघणाऱ्या निर्णयाची झळ ज्यांना लागते, त्यांनी आपले म्हणणे मतदानापूर्वी मांडले पाहिजे. नंतर मांडलेल्या म्हणण्याला केवळ शोकाचे मोल उरते.