पाटीवरची प्रमेये



असामान्य बुद्धीचे मूल घरात वा वर्गात असणे ही जितकी आनंदाची, तितकीच अवघड गोष्ट. कुंभकोणमच्या टाउन हायस्कूलने ती ओळखली. 1904 साली श्रीनिवास रामानुजन यांना गणिताचे पारितोषिक देताना मुख्याध्यापक कृष्णस्वामी अय्यर म्हणाले होते, की या मुलाला पैकीच्या पैकी गुण दिले तरी ते अपुरेच आहेत. मुख्याध्यापकाने असे जाहीरपणे म्हणायला धैर्य लागते.

आदल्याच वर्षी कार यांचा एक संदर्भग्रंथ त्या मुलाच्या हाती आला होता. त्यात हजारो सूत्रे व प्रमेये. सिद्धता मात्र त्रोटक, पुष्कळ ठिकाणी नाहीतच. त्या गाळलेल्या जागा भरता भरता तो स्वतःचे गणित मांडू लागला. कागद महाग, म्हणून पाटीवर लिहायचे, कोपराने पुसायचे आणि केवळ निष्कर्ष वहीत उतरवायचे.

महाविद्यालयात मात्र इतर विषय मागे पडले. इंग्रजी निबंधात तो नापास झाला आणि शिष्यवृत्ती गेली. कोणी अन्याय केला नव्हता. सारे नियमाप्रमाणेच घडले, आणि खंत वाटते ती याचीच. पुढची काही वर्षे हलाखीत सरली. अखेर नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांनी त्या वह्या पाहिल्या आणि दरमहा 25 रुपये देऊ केले. 1911 मध्ये पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

संगीतातही हेच. कुमार गंधर्व बालवयातच ध्वनिमुद्रिका ऐकून थोर गवयांची गाणी हुबेहूब गात. टाळ्यांना तोटा नव्हता. पण पुढे मुंबईत प्रा. बा. र. देवधर यांच्याकडे नाना घराण्यांचे गाणे ऐकायला मिळाले, एकाच घराण्याचा हट्ट नव्हता. तिथून स्वतःची गायकी घडू लागली.

आज विज्ञान प्रदर्शनातले पुष्कळ प्रकल्प वडिलांच्या हातचे असतात. परीक्षकांना ते कळते. मुलांना तर आधीच कळलेले असते.

इंग्रजीकडे दुर्लक्ष करावे असे नव्हे. पण नववीतल्या मुलाची इंग्रजीची वही कोरी आणि गणिताची काठोकाठ भरलेली दिसली, तर शिकवणी लावण्याआधी ती भरलेली वही एकदा उघडून पाहावी. उमगली नाही, तर जाणत्याला दाखवावी.