वर्ग एक, वर्ग दोन

श्रोत्यांपैकीं ज्यांची गांवाकडे जमीन आहे, त्यांना सातबाऱ्यावरील 'भू-धारणा पद्धती' ही ओळ ठाऊक असेल. डहाणू तालुक्यांतील वाणगांवच्या मिरचीच्या वाडीचा सातबारा असो कीं विदर्भांतील शेताचा, त्या ओळीपुढें मनास येईल तें लिहितां येत नाहीं. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचें कलम २९ भोगवटादार वर्ग १, भोगवटादार वर्ग २ व सरकारी पट्टेदार असे प्रकार सांगतें. वर्ग १ च्या धारकास जमीन विकण्याची मोकळीक. वर्ग २ च्या धारकाकडे ती कायम राहते, परंतु हस्तांतरणावर निर्बंध असतो. एका आंकड्यावर एवढें अवलंबून आहे!

अशा ठरीव नांवांच्या यादीला संगणकशास्त्रांत 'एनम' म्हणतात. डेटाबेसमध्यें पुष्कळदां नांवाऐवजीं नुसता अंक साठवितात. अंकाचा अर्थ सांगणारा तो 'मॉडेल', आणि पडद्यावर शब्द दाखविणारा तो 'व्ह्यू'. 'रूबी ऑन रेल्स' या साधनांत ही सोय २०१४ सालीं आली. तीस नुसती यादी दिली, तर पहिल्या नांवास शून्य, दुसऱ्यास एक, असे अंक ती जागेवरून देते. गोम येथेंच आहे.

त्याच वर्षीं १ ऑगस्टला ठाण्यांतून पालघर हा राज्याचा ३६ वा जिल्हा निघाला आणि वाणगांव त्यांत गेलें. आतां समजा, एखाद्या नीटनेटक्या प्रोग्रामरनें जिल्ह्यांच्या वर्णानुक्रमी यादींत परभणी व पुणे यांच्यामध्यें पालघर घातलें. साठविलेले अंक तेच राहिले, पण पुण्याची प्रत्येक जुनी नोंद पालघरची झाली, आणि पुढचे सारे जिल्हे एकेक घर सरकले. यंत्र तक्रार करीत नाहीं, हेंच त्यांतील भयंकर. म्हणून प्रत्येक नांवापुढें त्याचा अंक स्पष्ट लिहावा, नव्यास नवा अंक द्यावा, आणि वर्णानुक्रम लावावयाचा तो दाखवितांना लावावा. २०२३ सालीं उस्मानाबादचें धाराशिव झालें. तेथें अंक तोच ठेवून मॉडेलमधील नांव तेवढें बदलावें. तेंच नांव दहा पानांत निरनिराळें लिहिलें असेल, तर एखादें जुनें राहून जाणारच.

अर्जाच्या पडद्यावरील यादीचा पहिला पर्याय तर फारच फसवा. कारकुनानें हात न लावतांच 'वर्ग १' निवडला जातो, आणि निर्बंध असलेली जमीन कागदोपत्रीं मोकळी होते. पहिली जागा रिकामी ठेवावी, व रिकामा अर्ज स्वीकारूं नये. यादीबाहेरचा अंक तर डेटाबेसनेंच नाकारावा.

वाणगांवच्या परिसरांत वारली व इतर आदिवासी खातेदार पुष्कळ. म्हणून यादींत 'आदिवासी' असा चौथा वर्ग घालण्याचा मोह होईल, तो टाळावा. १९७४ पासून कलम ३६-अ प्रमाणें आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यास सरकारी पूर्वमंजुरी लागते, मग ती वर्ग १ ची कां असेना. जमिनीचा प्रकार एका रकान्यांत, धारकाची ओळख दुसऱ्यांत. आणि खरेदीचा अर्ज पुढें सरकण्यापूर्वीं प्रोग्रामनें दोन्ही रकाने वाचले पाहिजेत.