दात येणारे बाळ आणि त्याचे रडे

रात्रीचे दोन वाजलेले असतात. घर गाढ झोपेत असते. आणि इतके दिवस शहाण्यासारखे झोपणारे सात महिन्यांचे बाळ एकाएकी किंचाळून उठते. आई पाजू लागली तर तोंड फिरवते, खांद्यावर घेतले तर खांद्यालाच चावू लागते. लाळेने झबल्याचा गळा ओलाचिंब झालेला असतो. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज येतो, “अगं, दात येताहेत त्याला. होईल चार दिवसांत बरं!”

भगिनींनो, हा प्रसंग कोणत्या घरी घडला नसेल? आणि सासूबाईंचे म्हणणे बहुतेक वेळा खरेही ठरते. पण ‘दात येताहेत’ हे साधे वाक्य एखादे वेळी घात करते. ते केव्हा धीर देते आणि केव्हा फसवते, याबद्दल आज चार शब्द बोलणार आहे.

प्रथम दातांचा हिशेब पाहू. दुधाचे दात एकंदर वीस. पहिला दात बहुधा सहाव्या महिन्याच्या आसपास दिसतो. पण कुणाला चौथ्या महिन्यात दिसतो, तर कुणाला वर्ष सरल्यावर. शेजारणीच्या मुलाला चार दात आले आणि आपल्याला एकही नाही, म्हणून झुरू नये. दीड वर्ष उलटूनही एकही दात नसेल, तर मात्र दातांच्या डॉक्टरांना दाखवावे. साधारणपणे आधी खालचे मधले दोन, मग वरचे मधले दोन येतात. दाढा आणि सुळे मागाहून येतात. अडीच-तीन वर्षांचे होईपर्यंत सारे दात आलेले असतात.

दात हिरडीतून वर येतो, त्या चार-सहा दिवसांत हिरडी सुजते, लाल होते, शिवशिवते. बाळ किरकिर करते, हाताला लागेल ते चावते, त्याची झोप मोडते, खाणे थोडे कमी होते. अंग किंचित कोमट लागते. बस्स, दाताचा उपद्रव एवढाच. खरा ताप, पातळ जुलाब, ओकाऱ्या, खोकला हे काही दाताचे काम नव्हे.

“असं कसं? आमच्या सगळ्या मुलांना दात येताना जुलाब झालेच की!” असे एखादी म्हणेल. तिचा अनुभव खोटा नाही, पण त्याचे कारण दुसरे आहे. आईकडून जन्माआधी मिळालेली रोगप्रतिकारक शक्तीची शिदोरी सहाव्या महिन्याच्या सुमारास ओसरू लागते. त्याच वेळी वरचे अन्न सुरू होते. त्याच वेळी बाळ पालथे पडून, रांगून, जमिनीवरची प्रत्येक वस्तू तोंडात घालू लागते. जंतूंना एवढी वाट मिळाली, की जुलाब व्हायचेच. दात बिचारा त्याच दिवसांत येतो आणि आळ त्याच्यावर येतो!

हे मी पुस्तकातले सांगत नाही. माझा थोरला आठ महिन्यांचा असताना त्याला जुलाब लागले. सगळे म्हणाले, दातांचे आहेत. शिकली-सवरलेली मी, मलाही ते पटले, कारण ते पटवून घेणे सोपे होते. तिसऱ्या दिवशी तो रडायचाच थांबला. मला वाटले, गुण आला. दुपारी आमच्या नणंदबाई आल्या. त्यांनी त्याला मांडीवर घेतले आणि म्हणाल्या, “वहिनी, याची टाळू बघा. डोळे बघा. उठा आधी.” दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “रडताना डोळ्यांत पाणी येत होतं का?” मला सांगता येईना. मी रडे ऐकले होते, पण पाहिले नव्हते. दोन दिवस सलाइन लावून मूल वाचले. आणि तो दात? तो चांगला तीन आठवड्यांनी आला!

तेव्हा जुलाब कशाचेही असोत, पहिल्या जुलाबापासून अंगावरचे पाजणे चालू ठेवावे आणि क्षारसंजीवनी, म्हणजे ओ.आर.एस., पाजावी. मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात अख्खे विरघळवावे आणि चमच्याचमच्याने द्यावे. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगाव येथे, डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या साथीत याच साध्या मीठ-साखरेच्या पाण्यावर असंख्य जीव वाचवले. घरात एक पाकीट असावेच.

बाळाचे रडे गप्प करण्यासाठी माणसाने पूर्वी काय काय केले, हेही ऐकण्यासारखे आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्याला अफूची गोळी चाटवून जात. ‘बाळगोळी’ म्हणत तिला. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या शाही मजूर आयोगाच्या अहवालात या प्रथेची दखल आहे. त्या आया निर्दय नव्हत्या. दहा तास मूल कुणाजवळ ठेवायचे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. म्हणूनच १९४८ च्या कारखाने कायद्यात पन्नासांहून अधिक बायका असतील तेथे पाळणाघराची सक्ती आली. रडे थांबवण्याचे खरे औषध गोळी नव्हते, जवळ माणूस असणे हे होते.

विलायतेतही तीच तऱ्हा. तिकडे दातांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांत पारा असे. त्याने मुलांचे हातपाय गुलाबी होऊन सोलवटत, मुले रात्रंदिवस कण्हत. पारा हेच मूळ आहे हे ध्यानात आल्यावर १९५४ च्या सुमारास चूर्णांतून तो काढण्यात आला, आणि तो रोग जवळजवळ नाहीसा झाला. आजही हिरड्या बधिर करणारी मलमे दुकानात मिळतात. त्यांपैकी बेंझोकेन असलेली दोन वर्षांखालील मुलाला मुळीच लावू नयेत. रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती त्याने अकस्मात घटू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली दिला आहे. दातांसाठी म्हणून गळ्यात घालायच्या मण्यांच्या माळांचेही तसेच. माळ तुटली तर मणी घशात जातो, न तुटली तर गळ्याला फास बसतो.

मग करायचे काय? उपाय अगदी घरगुती आहेत, आणि फुकटचे आहेत. साबणाने हात स्वच्छ धुवावेत, नखे कापलेली असावीत, आणि बोटाने सुजलेली हिरडी हलक्या हाताने चोळावी. मऊ स्वच्छ फडके पाण्यात बुडवून, पिळून, शीतपेटीत थोडा वेळ ठेवून चावायला द्यावे. गार चमचा चालेल, मात्र बर्फासारखे गोठलेले काही नको, हिरडी दुखावते. रबराचे चावणे दिले तर ते रोज धुवावे. लाळ वरचेवर टिपून हनुवटीला थोडे खोबरेल लावावे. लाळेरे दिवसातून चार वेळा बदलावे, आणि झोपवताना गळ्यातून काढून ठेवावे.

आजीच्या बटव्यातल्या दोन वस्तूंबद्दल मात्र नम्रपणे बोलले पाहिजे. पहिली वस्तू मध. गुटी मधात उगाळून चाटवण्याची आपली रीत. पण वर्षाच्या आतील मुलाला मध देऊ नये. त्यात एका भयंकर विषारी जंतूची बीजे असू शकतात, आणि तान्ह्याच्या आतड्यात ती रुजतात. दुसरी खारीक, किंवा कच्चे गाजर. बाळ ते चोखता चोखता नव्या दाताने तुकडा पाडते आणि तो घशात अडकतो. आजीचा हात हवा, मांडी हवी, अंगाई हवी. एवढ्या दोन वस्तू तेवढ्या बाजूला ठेवू या. फारच दुखत असेल, तर डॉक्टरांना विचारून, वजनाच्या मानाने पॅरासिटामॉल द्यावे. ॲस्पिरिन कधीही नाही.

आता रड्याविषयी. “सारखं उचलू नकोस, हाताची सवय लागेल,” हा उपदेश प्रत्येक सुनेने ऐकलेला असतो. तो पोटतिडकीने केलेला असतो, पण बरोबर नसतो. बाळाला बोलता येत नाही. भूक, ओले दुपटे, उकाडा, थकवा, भीती, एकटेपणा या साऱ्यांसाठी त्याच्याजवळ शब्द एकच. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ डॉ. ब्रेझल्टन यांनी १९६२ साली ऐंशी तान्ह्या मुलांच्या रड्याची नोंद प्रसिद्ध केली. सहाव्या आठवड्यात निरोगी मूलही दिवसाकाठी सरासरी पावणेतीन तास रडते, आणि पुढे ते कमी होत जाते, असे दिसले. १९८६ साली कॅनडात दुसरा प्रयोग झाला. ज्या आयांनी मूल रडत नसतानाही रोज अधिक वेळ अंगाशी धरले, त्यांची मुले सहाव्या आठवड्यात दिवसाकाठी चाळीस टक्क्यांहून अधिक प्रमाणात कमी रडली. आपल्याकडची कडेवर लेकरू घेऊन चूल सांभाळणारी बाई ते प्रयोगावाचून करीत आलीच आहे!

तेव्हा मूल रडले तर खुशाल घ्यावे. आधी पाजून पाहावे, दुपटे पाहावे, कपडे काढून अंग पाहावे. कधी करदोटा रुतलेला असतो, कधी आईचाच केस पायाच्या बोटाला गुंडाळून बोट सुजलेले असते. मग थोपटावे, फिरवावे, गुणगुणावे. गळा गोड नसला तरी चालतो, बाळाला आईचाच आवाज हवा असतो.

आणि एक गोष्ट, जी बायका कुणाजवळ बोलत नाहीत. तासभर मूल रडत राहिले, की आईच्या मनात संताप उसळतो. त्याची लाज वाटून घेऊ नका, पण त्या भरात मुलाला गदागदा हलवू नका. तान्ह्याचा मेंदू नाजूक असतो, हलवल्याने आत रक्तस्राव होतो. अशा वेळी मूल पाळण्यात उताणे ठेवावे, दार ओढून पाच मिनिटे बाहेर उभे राहावे, तोंडावर पाणी मारावे, नवऱ्याला उठवावे. हो, उठवावेच! बाळ दोघांचे आहे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे? ताप १०० अंशांच्या वर चढत असेल तर. तीन महिन्यांच्या आतील मुलाला असा ताप असेल तर लगेच. मूल पीत नसेल, मलूल पडले असेल, टाळू खोल गेली असेल, लघवी कमी झाली असेल, हिरवी ओकारी किंवा शौचात रक्त असेल तर क्षणाचाही विलंब नको. मूल गुडघे पोटाशी घेऊन थांबून थांबून किंचाळत असेल, तरीही तसेच. आतड्यात आतडे शिरते ते याच वयात, आणि तेही पहिल्यांदा ‘दाता’वर ढकलले जाते.

पहिला दात दिसला, की कौतुकाने सगळ्यांना दाखवा. त्याच दिवसापासून मऊ ब्रशने, तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट लावून तो पुसायलाही लागा. आणि पुन्हा रात्री दोन वाजता कुणी म्हणाले, “दात येताहेत,” तर हो म्हणा. पण दिवा लावा, हात कपाळावर ठेवा, डोळ्यांत पाणी आहे का पाहा. नुसते रडे ऐकू नका, रडणारे मूल पाहा. ते मला एकदा पाहता आले नव्हते, म्हणून तुम्हाला सांगितले.