परतीची वाट आणि स्वेच्छा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी निर्वासितांविषयी बोलण्याची इच्छा मी व्यक्त केली, तेव्हा कार्यकारिणीतील काही मित्रांना आश्चर्य वाटले. परंतु ज्या तमिळनाडूत आपले मंडळ पन्नास वर्षे सुखाने नांदले, त्याच राज्यातील शंभरांहून अधिक छावण्यांत श्रीलंकेतून आलेले पन्नास हजारांहून अधिक तमिळ लोक आजही राहतात. घरापासून दूर राहणे म्हणजे काय, हे आपण जाणतो. म्हणूनच हा विषय आपल्यापुढे मांडण्याचे धाडस करीत आहे.

अर्थात आपल्या आणि त्यांच्या दूर राहण्यात मूलभूत फरक आहे. आपण आलो ते नोकरीनिमित्त, बदली होऊन किंवा व्यापारासाठी. गणपतीला गावी जायचे की नाही, हे रजा आणि आगगाडीचे आरक्षण यांवर ठरते. गावच्या घराची किल्ली आपल्या कपाटात असते. निर्वासिताजवळ किल्ली असलीच, तरी त्या कुलपामागे घर उरले आहे की नाही, हे त्याला ठाऊक नसते.

‘श्रीलंकेतील युद्ध २००९ साली संपले, मग हे लोक परत का जात नाहीत?’ असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांनी मला विचारला आहे. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना प्रथम आपल्याच देशातील एका विलक्षण घटनेचे स्मरण करू या.

१९७१ साली तत्कालीन पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली. त्यांपैकी सुमारे ६८ लाख लोक ८२५ छावण्यांत राहिले, उरलेले नातलगांच्या आणि परिचितांच्या आश्रयाने. १६ डिसेंबर १९७१ रोजी युद्ध संपले आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून परतीचा प्रवास अधिकृतपणे सुरू झाला. रेल्वेने, मालमोटारींनी, सायकलरिक्षांनी, आणि कित्येक तर पायीच निघाले. निघणाऱ्या कुटुंबांना वाटेची शिदोरी, औषधोपचार आणि दोन आठवड्यांचा शिधा देण्यात आला. जानेवारीअखेर साठ लाखांहून अधिक लोक परतले होते. २५ मार्च १९७२ रोजी भारत सरकारच्या अंदाजानुसार केवळ साठ हजार निर्वासित मागे उरले होते. संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन निर्वासितविषयक उच्चायुक्त सद्रुद्दीन आगाखान यांच्या कार्यालयाने या कार्यात समन्वयाची धुरा वाहिली.

इतके लोक इतक्या त्वरेने का परतले? कोणी समजूत घातली म्हणून नव्हे. ज्या भयाने ते पळाले होते, त्या भयाचे कारणच नाहीसे झाले होते. छावणीत बसून कोणी कोणाला ‘जाता का?’ असे विचारावे लागले नाही. भय सरले की माणूस स्वतःच गाठोडे बांधतो, हा १९७२ चा धडा आहे.

श्रीलंकेच्या तमिळांची कथा याहून निराळी आहे. जुलै १९८३ मधील दंगलींनंतर ते होड्यांतून रामेश्वरम् आणि धनुष्कोडीच्या किनाऱ्यावर येऊ लागले. मधला समुद्र सर्वांत अरुंद ठिकाणी सुमारे ३० किलोमीटरच आहे. १९८७ पर्यंत सव्वा लाखाहून अधिक लोक आले. त्या वर्षीच्या भारत-श्रीलंका करारानंतर सुमारे २५ हजार लोक मोठ्या आशेने परतले. परंतु जून १९९० मध्ये पुन्हा युद्ध पेटले आणि परतलेल्यांपैकी अनेकांना पुन्हा तीच होडी धरावी लागली. ज्याने घर एकदा नव्हे, दोनदा सोडले, तो तिसऱ्यांदा घराकडे निघताना दहा वेळा विचार करणारच.

पुढे १९९२ साली परत पाठविण्याची मोहीम सुरू झाली आणि तेव्हा ‘स्वेच्छा’ या शब्दाची खरी कसोटी लागली. छावण्यांत काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना त्या काळात मज्जाव होता. संमतिपत्रे न समजताच त्यांवर सह्या होत असल्याच्या तक्रारी झाल्या. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयापर्यंत गेले. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या उच्चायुक्तांच्या प्रतिनिधींना मद्रासमध्ये राहून, परतणाऱ्यांची इच्छा खरी आहे की नाही, याची विचारपूस करण्याची मुभा मिळाली. १९९२ ते १९९५ या काळात सुमारे ५४ हजार लोक परतले. त्यांपैकी किती मनापासून गेले आणि किती नाइलाजाने, हे कोणत्याही तक्त्यात लिहिलेले नाही.

मित्रहो, स्वेच्छा म्हणजे कागदावरची सही नव्हे. ‘जा’ आणि ‘राहा’ हे दोन्ही मार्ग खुले असताना केलेली निवड म्हणजे स्वेच्छा. राहण्याचा मार्ग शिधा तोडून, शाळा बंद करून किंवा धाक घालून बंद केला, तर उरलेल्या एकाच मार्गाला निवड कसे म्हणावे? १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित कराराचा आपला देश सदस्य नाही. तथापि जिथे जीविताला धोका आहे तिथे कोणालाही परत लोटू नये, हे त्या करारातील तत्त्व आपल्या जुन्या शरणागतधर्माहून वेगळे नाही.

मग परतू इच्छिणाऱ्यांना साहाय्य करायचे म्हणजे नेमके काय करायचे? या कामात भाषणबाजीला फारसे स्थान नाही. ते चिकाटीचे, कागदपत्रांचे काम आहे. छावणीत जन्मलेल्या मुलाचा जन्मदाखला काढावा लागतो. तेवढ्याने भागत नाही. श्रीलंकेचे नागरिकत्व मिळण्यासाठी तो जन्म त्या देशाच्या चेन्नईतील वकिलातीत नोंदवावा लागतो. ही नोंद नसेल तर आईबाप परततील आणि मूल मात्र कोणत्याच देशाचे राहणार नाही. निर्वासितांनीच १९८४ साली उभारलेली ‘ऑफर’ ही संस्था अशी कागदपत्रे मिळवून देण्याचे काम वर्षानुवर्षे करीत आली आहे. तिचे संस्थापक एस. सी. चंद्रहासन हे ज्येष्ठ तमिळ नेते चेल्वनायकम यांचे पुत्र. छावणीतील मुलांचे शिक्षण हीच परतीची खरी तयारी, असा या संस्थेचा आग्रह राहिला आहे.

२००९ नंतर परतू इच्छिणाऱ्यांना उच्चायुक्तांच्या कार्यालयाकडून विमानाचे तिकीट आणि संसार पुन्हा मांडण्यासाठी थोडी रोख रक्कम मिळू लागली. परंतु विमान उतरले की प्रवास संपतो असे नव्हे. उत्तर श्रीलंकेतील शेतांत पेरलेले भूसुरुंग काढण्याचे काम ‘हेलो ट्रस्ट’सारख्या संस्थांना वर्षानुवर्षे करावे लागले. जाफना भागातील बरीच खाजगी जमीन लष्कराच्या ताब्यात होती. ती युद्धानंतरही टप्प्याटप्प्याने, अतिशय संथपणे मोकळी होत गेली. ज्याचे शेत काटेरी तारेच्या पलीकडे आहे, त्याला ‘तुझा देश आता शांत आहे’ असे सांगून काय उपयोग? तो देशाकडे नव्हे, आपल्या विहिरीकडे आणि आपल्या ताडांकडे परतू पाहत असतो.

आणखी एक गोष्ट. १९८३ साली कडेवर आलेले मूल आज चाळिशी ओलांडून गेले आहे. त्याची मुले इथेच जन्मली आणि इथल्याच शाळांत शिकली. आजोबांच्या लेखी जे परतणे, ते नातवाच्या लेखी अनोळखी देशात जाणे ठरते. एकाच कुटुंबात एकाला जायचे असते आणि दुसऱ्याला राहायचे असते. आपल्या घरांतही हा संवाद होत नाही काय? निवृत्तीनंतर वडिलांना गावच्या ओसरीची ओढ लागते आणि मुले म्हणतात, ‘बाबा, आमचे गाव हेच.’ त्यांना आपण अपराधी मानीत नाही. मग छावणीतील तरुणाने तेच म्हटले, तर तो अपराधी कसा?

म्हणून त्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे, की ‘ते का जात नाहीत?’ असे न विचारता ‘त्यांना जाता यावे म्हणून काय उरले आहे?’ असे विचारावे. कोणाचा दाखला उरला असेल, कोणाची जमीन, तर कोणाचा विश्वास. आपल्या मंडळात निवृत्त शिक्षक आहेत, वकील आहेत, सरकारी कचेरीतील कागदाची वाट ओळखणारे अनुभवी लोक आहेत. रीतसर परवानगी घेऊन या कामाला महिन्यातून एक रविवार दिला, तरी ते मोठे साहाय्य होईल. सुवर्णमहोत्सवाची आठवण म्हणून एवढा संकल्प आपण सोडावा, अशी माझी विनंती आहे.

परतीची वाट झाडून, दिवा लावून मोकळी ठेवावी. तिच्यावरून केव्हा चालायचे, आणि चालायचे की नाही, हे मात्र ज्याचे घर हरवले त्यालाच ठरवू द्यावे.