कोर्टाची पायरी आणि गरीब पक्षकार

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. कज्जेदलालीपायी झालेली कुटुंबांची धूळधाण ज्यांनी पाहिली, त्यांच्या अनुभवाचे सार या वचनात आहे यात संशय नाही. परंतु ज्याला दुसऱ्याने कोर्टात खेचले, त्याने शहाणपणा करून घरी बसणे म्हणजे दावा बसल्या जागी हरणे होय.

समजा, शहरात चार घरची धुणीभांडी करणारी एक विधवा आहे. गावी नवऱ्याच्या वाट्याचे दोन खणांचे घर आहे. ते सर्वस्वी आपलेच, असा दावा दिराने तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात लावला आणि बाईच्या हाती समन्स पडले. तिला ते वाचता येत नाही. कागद फळीवरच्या डब्याखाली जाऊन बसतो. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यावी लागते. योग्य कारण असल्यास न्यायालय ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. कैफियत नाही, वकील नाही, पक्षकार हजर नाही, अशा स्थितीत एकतर्फी हुकूमनामा होतो. तो रद्द करून मागता येतो. पण त्यासाठी सबळ कारण दाखवावे लागते आणि मुदत पुन्हा ३० दिवसांचीच. बाईची बाजू खरी होती की खोटी, हा प्रश्न निघतच नाही.

गरिबाची ही अडचण कायद्याला ठाऊक नव्हती असे नाही. १९०८ च्या संहितेत नादारीच्या दाव्याची तरतूद होती व ती आजही आहे. तिच्यायोगे आरंभी कोर्ट-फी भरावी लागत नाही. परंतु कोर्ट-फी टळली तरी वकील कोठून आणावयाचा? ही उणीव ओळखून १९२४ साली मुंबईत बॉम्बे लीगल एड सोसायटी स्थापन झाली. १९४९ मध्ये मुंबई सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नाच्या विचारासाठी समिती नेमली. पुढे १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मोफत कायदेविषयक साहाय्य हे राज्याचे कर्तव्य म्हणून अनुच्छेद ३९-क मध्ये नमूद झाले. त्याला प्रत्यक्ष रूप देणारा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ मध्ये संमत झाला व ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला.

या कायद्याचा लाभ कोणाला मिळतो, हे पुष्कळ सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. ठरावीक मर्यादेहून कमी उत्पन्न असणाऱ्यांना तो मिळतोच. शिवाय स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार आणि आपत्तिग्रस्त यांना उत्पन्नाची अट न लावता वकील मिळू शकतो. वरील उदाहरणातील बाई केवळ स्त्री म्हणून पात्र ठरते. पोटगी, घटस्फोट अशा प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट-फीची माफी देणारा महाराष्ट्र सरकारचा १९९४ चा आदेशही आहे.

अर्जाची रीत अवघड नाही. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते. साधा अर्ज पुरतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेली हकीकत लिहून घेतली जाते. उत्पन्नाविषयी अविश्वासाचे कारण नसेल तर प्रतिज्ञापत्र पुरेसे मानले जाते. नेमलेल्या वकिलाने पक्षकाराकडून पैसे घ्यावयाचे नसतात. तो घेऊ लागला किंवा कामात हयगय करू लागला, तर समितीकडे तक्रार करता येते. फुकटचा वकील तो कसला, असे म्हणून हात झटकणाऱ्याने हा हक्कही ध्यानात ठेवावा.

दोन्ही पक्षांना तडजोड हवी असेल तर लोकन्यायालयाचा मार्ग आहे. तेथील निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि न्यायालयात भरलेली कोर्ट-फी परत मिळते. मात्र त्यावर अपील नाही. म्हणून अटी नीट समजल्यावाचून अंगठा उठवू नये. तडजोड पटली नाही तर ती नाकारण्याची मुभा आहे; दावा पुन्हा न्यायालयात चालतो.

कायदा आहे, समित्या आहेत, वकीलही आहेत; तरी त्या विधवेचा कागद डब्याखालीच राहतो. तो बाहेर काढणे न्यायाधीशाच्या हाती नाही. पण ती ज्या घरी रोज कामाला जाते, तेथे वाचणारी माणसे असतात. एखाद्या सकाळी तिने पदराआडून घडी घातलेला कागद पुढे केला, तर “बघू मागाहून” असे म्हणून तो परत देऊ नये. आधी समन्स कोणत्या दिवशी हाती आले ते विचारावे, न्यायालयाचे नाव व हजर राहण्याची तारीख तिला समजेल अशा शब्दांत सांगावी, १५१०० या विधी साहाय्याच्या क्रमांकावर चौकशी करावी आणि तालुक्याला जाण्यासाठी तिला एक दिवसाची भरपगारी रजा द्यावी. कायद्याचा सल्ला देण्याचे काम वकिलाचे. मुदत संपण्यापूर्वी त्याच्यापर्यंत तिला पोहोचविणे हे शेजारधर्माचे. एवढे घडले तर कोर्टाची पायरी ती एकटी आणि उशिरा चढणार नाही.