पट, हजर, गैरहजर



मघाशी मी अकरा मुलांना पूर्ण हजेरीचं बक्षीस दिलं. त्या अकराही जणांचं मनापासून कौतुक. पण मला आज बोलायचं आहे ते हे बक्षीस ज्यांना कधीच मिळत नाही, त्यांच्याविषयी.

मी याच शाळेची. 1987 साली इथून दहावी झाले. तेव्हा मी वर्गाची मॉनिटर होते आणि रोज सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात तीन ओळी लिहायचं काम माझ्याकडे होतं: पट, हजर, गैरहजर. आमचा पट होता 43. माझ्या पुढच्या बाकावर एक मुलगी बसायची. चऱ्होलीकडून चालत यायची. नववीच्या उन्हाळ्यात तिचे गाल लाल दिसायला लागले, दोन्ही गालांवर आणि नाकाच्या बुडख्यावर, रंग लावल्यासारखे. "शाळेत काय लाली लावून येतेस?" असं तिला एकदा भर वर्गात विचारलं गेलं. तिनं रुमाल ओला केला आणि सगळ्यांसमोर गाल पुसले. रंग गेला नाही. उलट जास्तच लाल झाले. आम्ही हसलो. मीही हसले.

मग तिच्या दांड्या सुरू झाल्या. आठवड्यातून दोन दिवस, तीन दिवस. आली तरी दुपारी बाकावर डोकं टेकायची. बोटं दुखतात म्हणायची, थंडीत बोटांची टोकं निळी पडायची आणि पेन धरता यायचा नाही. घरी वाटलं दृष्ट लागली. वर्गात आम्हाला वाटलं, ही अंगचोर आहे. मी फळ्यावर "गैरहजर 1" लिहायचे तेव्हा ती एक कोण, हे कुणाला विचारावं लागत नसे. दहावीच्या दिवाळीआधी ती आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते, चपलेचे पट्टे पायात रुतत होते. सुट्टीनंतर शाळा उघडली आणि सरांनी मला फळ्यावरचा पट बदलायला सांगितला. मी 43 पुसून 42 लिहिले.

पुढे मी वैद्यकीय महाविद्यालयात गेले. तिसऱ्या वर्षाला पाठ्यपुस्तकात एका बाईच्या चेहऱ्याचा फोटो होता. दोन्ही गाल लाल, मध्ये नाकावरून जोडलेले, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखे. मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ उघडू शकले नाही. तिची एकही तपासणी झाली नव्हती, त्यामुळे तिचं निदान आज कुणीच करू शकणार नाही. पण गाल, बोटं, थकवा, सूज हे सगळं त्या पानावर ओळीनं लिहिलेलं होतं. आजाराचं नाव होतं ल्युपस. मी संधिवाताची डॉक्टर झाले ती त्या पानामुळे.

ल्युपस म्हणजे लॅटिनमध्ये लांडगा. चेहऱ्यावरचे व्रण लांडग्यानं चावल्यासारखे दिसतात म्हणून युरोपातल्या वैद्यांनी हे नाव दिलं. शेकडो वर्षं हा कातडीचाच रोग मानला जात होता. 1872 साली व्हिएन्नाच्या कापोसी या डॉक्टरांनी लिहिलं की हा रोग कातडीवर थांबत नाही, आत शिरतो. ताप येतो, सांधे धरतात. आज आपल्याला माहीत आहे की तो मूत्रपिंड, हृदय, फुप्फुस, मेंदू, रक्त, कुठेही जाऊ शकतो. तुमच्यातल्या अनेकांनी सेलेना गोमेझची गाणी ऐकली असतील. 2015 साली तिनं स्वतः जगाला सांगितलं की तिला ल्युपस आहे, आणि 2017 साली मैत्रिणीनं दिलेलं मूत्रपिंड तिला बसवावं लागलं.

आत नेमकं काय होतं, ते आळंदीच्या मुलांना सांगणं सोपं आहे. कार्तिकीची यात्रा तुम्ही नुकतीच पाहिली. यात्रा सरली की घाटावर पत्रावळी, निर्माल्य, चिंध्या यांचा खच पडतो आणि तो झाडायला माणसं लागतात. चार दिवस कुणी झाडलंच नाही तर? आपल्या शरीरातही रोज कोट्यवधी पेशी मरतात आणि त्यांचा केर मुकाट्यानं उचलला जातो. ल्युपसमध्ये ही झाडलोट नीट होत नाही. मेलेल्या पेशींच्या पोटातला डीएनए उघड्यावर पडून राहतो, आणि एरवी जंतूंशी लढणारी आपली प्रतिकारशक्ती त्यालाच परका समजते. ती त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करते, आणि ही प्रतिपिंडं डीएनएला चिकटून त्यांच्या गुठळ्या मूत्रपिंडाच्या बारीक गाळणीत जाऊन अडकतात. गाळणी सुजते, फाटते, आणि रक्तातलं प्रथिन लघवीतून जायला लागतं. लघवीला फेस येतो. इंद्रायणीवर फेस आला की वर्तमानपत्रात फोटो येतात, आपण सगळे ओरडतो, आणि ओरडलंच पाहिजे. पण घरातल्या मुलीच्या लघवीला फेस येतो तेव्हा ती कुणाला सांगत नाही. लाजते. मुलींनो, आईला सांगा. त्याची पहिली तपासणी एका कागदी पट्टीनं दोन मिनिटांत होते.

मुलींनो असं म्हटलं, कारण दहा रुग्णांमधल्या नऊ बायका असतात, आणि त्याही ऐन उमेदीच्या वयातल्या. असं का, याचं उत्तर हळूहळू मिळतं आहे. स्पेनमधल्या एका मुलीला सातव्या वर्षी गंभीर ल्युपस झाला. कॅरोला विनुएसा या शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची सगळी जनुकं वाचली, तेव्हा टीएलआर7 नावाच्या एकाच जनुकात एका अक्षराची चूक सापडली. हे 2022 साली प्रसिद्ध झालं. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, आणि मुलींना एक्स दोन असतात. एका मुलीचं दुखणं मुळापर्यंत जाऊन तपासलं म्हणून हे कळलं.

या आजाराचा सगळा इतिहास मला असाच दिसतो. 1948 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्हज नावाच्या डॉक्टरांना सूक्ष्मदर्शकाखाली एक विचित्र पांढरी पेशी दिसली; तिनं दुसऱ्या पेशीचं केंद्रक गिळलं होतं. चुकीचा नमुना म्हणून ती काच फेकून देता आली असती. त्यांनी फेकली नाही, आणि तिथून ल्युपस रक्तात शोधण्याची वाट सुरू झाली. ल्युपस शोधायची आजची एएनए ही रक्ततपासणी त्याच वाटेवरची. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना मलेरिया होऊ नये म्हणून गोळ्या देत असत. त्यांतले काही म्हणाले, आमचे चट्टेही गेले आणि सांधेही मोकळे झाले. मलेरियाच्या गोळीचा कातडीशी काय संबंध, असं म्हणून कुणी तो विषय सोडून दिला नाही. 1951 साली लंडनच्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात पेज नावाच्या डॉक्टरांचा ल्युपसच्या रुग्णांवरचा अनुभव छापून आला, आणि 1955 पासून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही गोळी मिळू लागली. आजही माझ्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या चिठ्ठीवर तीच पहिली असते. 2020 च्या मार्चमध्ये ही गोळी करोनावर चालेल अशी हवा झाली आणि दुकानांतून ती दिसेनाशी झाली. "मॅडम, माझ्याकडे सहाच गोळ्या उरल्यात" असे फोन मला रात्री अकराला येत होते. ती करोनावर चालत नाही हे मोठ्या चाचण्यांनी पुढे सिद्ध केलं. तोवर माझ्या पेशंट मुली एक दिवसाआड गोळी घेऊन पुरवत होत्या.

आता लग्नाविषयी. आळंदी हे लग्नांचं गाव. मुहूर्ताच्या दिवशी इथे एका रस्त्यावर पाच वराती भेटतात. अशाच एका कार्यालयात माझ्या एका पेशंटचं लग्न झालं. लग्नाआधी तिच्या आईनं गोळ्या पाकिटातून सोडवल्या आणि कॅल्शियमच्या बाटलीत भरून दिल्या, म्हणजे सासरी कुणी विचारू नये. बाटली संपली. नवी कशी मागवायची, हा प्रश्न पडला. मुलीला बरंही वाटत होतं, म्हणून तिनं गोळी सोडली. त्यानंतर चौथ्या महिन्यात ती माझ्याकडे आली ती पाय सुजवून.

1991 साली कॅनडातल्या डॉक्टरांनी ल्युपस शांत असलेल्या 47 रुग्णांवर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. 25 जणांची हीच गोळी चालू ठेवली, 22 जणांना हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली. सहा महिन्यांच्या आत गोळी चालू असलेल्यांपैकी 9 जणांचा आजार उलटला, बंद झालेल्यांपैकी 16 जणांचा. हे आकडे मी त्या आईला सांगितले. ती रडली. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्या गावात आजारी मुलीला स्थळ येत नाही, तिथली आई दुसरं काय करेल?

पण त्या मुलीचा नवरा, चाकणला कंपनीत शिफ्टमध्ये काम करणारा मुलगा, त्या दिवसापासून तिच्याबरोबर प्रत्येक तपासणीला येतो. मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनचे मागचे सगळे आकडे त्याला तोंडपाठ आहेत. दोन वर्षं आजार शांत राहिला, मग आमच्या सल्ल्यानं तिनं दिवस जाऊ दिले, गोळी गरोदरपणातही चालू ठेवली, आणि आज त्यांचा मुलगा बालवाडीत आहे. पालकांनो, स्थळ बघताना हा आजार लपवू नका आणि समोरच्यानं मोकळेपणानं सांगितला तर उठून जाऊ नका. 1955 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातून आलेल्या अभ्यासात निदानानंतर चार वर्षांनी निम्मेच रुग्ण हयात होते. आज उपचार वेळेवर आणि नीट मिळाले तर दहांतले नऊ जण दहा वर्षांच्या पुढे जातात, संसार करतात, नोकरी करतात.

दुसरी एक पेशंट मला दर ज्येष्ठात विचारते, वारीला जाऊ का? ऊन हा ल्युपसच्या रुग्णांचा वैरी, कारण उन्हानं कातडीतल्या पेशी मरतात आणि केर वाढतो. पहिल्या वर्षी मी नाही म्हणाले. ती इतकी हिरमुसली की दुसऱ्या वर्षी आम्ही दोघींनी बसून वाट काढली: पूर्ण बाह्यांचं पोलकं, छत्री, चेहऱ्याला मलम, आणि फक्त पहाटेची चाल. माउलींच्या पालखीबरोबर ती पुण्यापर्यंत गेली आणि बसनं परत आली.

संशोधन म्हणजे परदेशातच चालतं, असं समजू नका. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला 1996 साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकानं घरोघर जाऊन 4 हजारांहून जास्त प्रौढ माणसांना विचारलं, कुठं दुखतं? त्यासाठी गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवून तयार केलं होतं. जवळपास दर पाच-सहा माणसांमागे एकाचे सांधे, स्नायू किंवा कंबर दुखत होती. तोवर या दुखण्याची मोजदादच नव्हती. मुंबईत परळला, केईएम रुग्णालयाच्या आवारात, इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे. तिथे डॉ. वंदना प्रधान, डॉ. कंजाक्ष घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातल्या ल्युपस रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं वर्षानुवर्षं अभ्यासली, म्हणजे आपल्याच लेकी-सुनांची.

तरीही देशात ल्युपसचे रुग्ण किती, यासाठी अजून सांगितला जातो तो 1993 चा आकडा. दिल्लीजवळच्या गावांत सुमारे 92 हजार लोकांत तीन रुग्ण सापडले, म्हणजे लाखात साधारण तीन. अमेरिकेत नीट नोंदी ठेवल्या तेव्हा हा आकडा लाखात सत्तरच्या वर गेला. एवढा फरक केवळ माणसांच्या रक्तातला असेल, हे मला पटत नाही. आपल्याकडे कितीतरी मुली नोंदीत येण्याआधीच पटावरून कमी होतात, असं माझं मत आहे.

इथे बसलेल्या विज्ञानाच्या मुलांसाठी एक बातमी सांगते. 2021 साली जर्मनीत एर्लांगेनला वीस वर्षांच्या एका मुलीवर नवा उपचार झाला. तिच्याच रक्तातल्या टी-पेशी बाहेर काढून, त्यांच्यात बदल करून परत सोडल्या. त्यांनी प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशींचा निकाल लावला, आणि तिची बाकीची औषधं बंद करता आली. याच पद्धतीचा रक्ताच्या कर्करोगावरचा पहिला भारतीय उपचार आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवला. त्याला ऑक्टोबर 2023 मध्ये परवानगी मिळाली. आळंदीहून पवईची ही आयआयटी काही लांब नाही. आणि ल्युपस फक्त मुलींचा आजार नाही: ज्यांचे वडील भोसरी-चाकणच्या फाउंड्रीत आहेत त्यांनी त्यांना मास्क वापरायला सांगा. वाळूच्या बारीक धुळीनं, सिलिकानं, ल्युपस पुरुषांनाही गाठू शकतो.

शिक्षकांकडे माझं एक मागणं आहे. एखादी मुलगी महिन्यात चार-पाच दिवस येत नसेल, बाकावर डोकं टेकत असेल, तिचे गाल उन्हात लाल होत असतील, केस गळत असतील, सारखा बारीक ताप येत असेल, तर तिला रागावण्याआधी तिच्या घरी एकदा जाऊन या. दरवेळी ल्युपस निघणार नाही. बहुतेक वेळा रक्त कमी असेल, थायरॉइड असेल, घरात काही अडचण असेल. पण तीही कुणीतरी विचारल्याशिवाय कळत नाही.

मुख्याध्यापक सरांशी मी सकाळीच बोलले आहे. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या शनिवारी मी येईन आणि त्यानंतर दर महिन्याला एकदा. गेल्या वर्षात वारंवार गैरहजर राहिलेल्या मुलींना मी भेटेन, त्यांच्या आईंसमोर. लघवी तपासायच्या पट्ट्या मी घेऊन येते. तुम्ही हजेरीपट काढून ठेवा.