एकदाच धुता येणारा रोल

(१९८६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील मनोगत)



‘फोटोग्राफीवर दोन शब्द बोल,’ असं मला सांगितलंय. बोलतो, पण आधी एक कबुली देतो.

निरोप समारंभाचे आपले १२ फोटो कधीच आले नाहीत. ‘कॅमेऱ्यात उजेड शिरला,’ असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं. कॅमेरा ज्याचा होता तो आज दुसऱ्या रांगेत बसलाय. त्यापायी त्याने वडिलांची बोलणी खाल्ली.

झालं असं, की आमच्या न्हाणीघराच्या खिडकीवर घोंगडी टांगून मी रोल धुवायला घेतला. लाल दिवा फोटोच्या कागदाला चालतो, त्या फिल्मला नाही. म्हणून मिट्ट काळोख. समोर तीन ट्रे : डेव्हलपर, पाणी आणि हायपो. उजेड लागलेल्या चांदीच्या क्षारांची डेव्हलपर काळी चांदी करतो; उरलेले क्षार हायपो विरघळवून टाकतो. अंधारात माझे ट्रे चुकले. रोल आधी हायपोत गेला आणि चित्र उमटण्याआधीच सगळे क्षार निघून गेले. दिवा लावला, तर हातात कोरी, पारदर्शक पट्टी. त्याच वर्षी निवृत्त झालेल्या आपल्या मराठीच्या बाई त्या फोटोंत होत्या.

आज मी डिजिटल कॅमेऱ्यावर ‘रॉ’ फाइल घेतो. पुष्कळ जण तिला निगेटिव्ह म्हणतात. मला ती न धुतलेल्या रोलसारखी वाटते. तिच्यात तयार चित्र नसतं. सेन्सरच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरव्या किंवा निळ्या फिल्टरमधून किती प्रकाश पडला, एवढी नोंद असते. तिचं चित्र आपण संगणकावर करायचं. जेपेग घेतला तर ते काम कॅमेराच उरकतो आणि उरलेली माहिती टाकून देतो. १४ बिटच्या रॉमध्ये उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६. म्हणूनच सावलीतला चेहरा रॉमधून जास्त चांगला उजळता येतो.

खरा फरक पुढेच आहे. फिल्म एकदाच धुता येते. रॉ शंभरदा ‘धुवा’, मूळ फाइल तशीच राहते. आपण केलेले बदल सॉफ्टवेअर वेगळे लिहून ठेवतं. पण इथेही प्रत्येक चुकीला माफी नाही. पांढरा सदरा उजेडाने पार जळून गेला, तर परत आणायला तिथे काही नसतंच. निगेटिव्ह फिल्म जादा उजेड बराच सोसते, तिथे सावली जपायची; डिजिटलमध्ये उजेड जपायचा. आणि फाइल पुसली गेली, तर कोरी पट्टीसुद्धा हाती उरत नाही.

म्हणून आजचा ग्रुप फोटो मी रॉमध्ये घेतलाय. मूळ फाइल तीन जणांकडे ठेवणार आहे. पहिला पेनड्राइव्ह दुसऱ्या रांगेत जाईल.

मित्रा, तुझा कॅमेरा चांगला होता. हे तेव्हाच तुझ्या घरी येऊन सांगायला हवं होतं. आज सगळ्यांसमोर सांगतो. मला माफ कर.